एच-अ-स्केच या खेळण्यात रेघ कशी उमटते आणि ते कोणी बनवले?

फ्रेंच विद्युत-कारागीर आंद्रे कासान्य यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस समोर पडदा आणि त्याखाली दोन फिरती बटणे असलेले, चित्रे काढण्याचे हे पेटीसारखे खेळणे घडवले आणि अमेरिकेतील ओहायो आर्ट कंपनीने १९६० मध्ये ते बाजारात आणले. पडद्याच्या आतल्या बाजूस ॲल्युमिनियमची अतिशय बारीक पूड चिकटलेली असते. डावे बटण फिरवले की तारा व कप्प्यांच्या (पुलींच्या) साहाय्याने आतील टोकदार सळई आडवी सरकते, उजव्याने ती वर-खाली जाते, आणि तिच्या वाटेतील पूड खरवडली गेल्याने आतला अंधार काळ्या रेघेसारखा दिसतो. वर्तुळ काढायचे तर दोन्ही हातांचा मेळ साधावा लागतो. माझ्या मते या खेळण्याची खरी गोडी याच अडचणीत आहे. पेटी उलटी करून हलवल्यावर आतील प्लॅस्टिकचे मणी पूड पुन्हा सारखी पसरवतात.