पासष्ट दिवस ई-मेलमध्ये गेले, पंचवीस उरलेत

नाशिकचे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी ऑगस्टपासून सॅन होजेला मुलाकडे राहताहेत. दिवाळी झाल्यावर मुलानं दोघांना दक्षिण कॅलिफोर्नियातल्या डेझर्ट हॉट स्प्रिंग्जला नेलं. वाळवंटातलं दहा-बारा खोल्यांचं देखणं हॉटेल, आणि अंगणात जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याची तीन कुंडं. काकूंनी पाण्यात उतरण्याआधी मंगळसूत्र आणि दोन पाटल्या काढल्या, हॉटेलनंच दिलेल्या बाथरोबच्या खिशात ठेवल्या आणि रोब कुंडाजवळच्या खुंटीला अडकवला. तासाभरानं बाहेर आल्या तर खुंटीवर दुसराच रोब, धुतलेला, घडीच्या रेघा तशाच असलेला. सात तोळे सोनं, आजच्या भावानं आठ लाखांच्या घरात. काका विचारतात, हॉटेलवर केस होईल का, आणि ती नाशिकच्या ग्राहक मंचात लावता येईल का?

दागिने खिशात ठेवायला नको होते, हे काकूंना घरात पुरेसं ऐकवून झालं असणार. मी त्यात भर घालत नाही. दर मोसमात मला अशी चार-पाच पत्रं येतात. कुणाच्या बांगड्या, कुणाचं कानाचं यंत्र, कुणाची अख्खी बॅग हॉटेलात राहिलेली असते. हकीकत वेगवेगळी, पण घोटाळा एकच, आणि तो दागिने हरवल्यानंतरचा असतो.

काका, तुमच्या पत्राचं जवळजवळ एक पान त्या गावाच्या भूगोलावर आहे. मिशन क्रीक फॉल्ट या जमिनीतल्या भेगेच्या एका बाजूला गरम पाणी, दुसऱ्या बाजूला गार. १९१३ मध्ये कॅबट यर्क्सा नावाच्या माणसानं तिथं येऊन विहीर खणली आणि त्याला गरम पाणी लागलं. वज्रेश्वरीसारखा गंधकाचा वास या पाण्याला नाही, हेही तुम्ही लिहिलंय. वाचायला मजा आली. पण मला जी गोष्ट सगळ्यात आधी हवी होती, ती तुम्ही ताजा कलम म्हणून शेवटी टाकलीत: "हॉटेल ५ नोव्हेंबरला सोडले."

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ३४१अ नावाचं एक छोटंसं कलम आहे. हॉटेलात राहून गेलेली वस्तू, कपडे किंवा सामान परत मिळवायचं असेल, किंवा ते कुणी लाटलं म्हणून दावा लावायचा असेल, तर वस्तूच्या मालकानं हॉटेल सोडल्यापासून ९० दिवसांत तो दाखल झाला पाहिजे. हॉटेलला कळवून चालत नाही, कोर्टात दाखल व्हावा लागतो. एरवी वस्तू गेल्याच्या दाव्याला इथे तीन वर्षं मिळतात. मुलानं इंटरनेटवर तेच वाचलं असावं, कारण हॉटेलला पाठवलेल्या त्याच्या पाचव्या ई-मेलमध्ये "आमच्याकडे तीन वर्षे आहेत" असं ठणकावून लिहिलंय. हॉटेलच्या वकिलानं ते वाचलं असेल तर त्याला हसू आलं असेल.

बोटांवर मोजा. नोव्हेंबरचे २५, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, झाले ८७. म्हणजे शेवटचा दिवस ३ फेब्रुवारी. मी हे ९ जानेवारीला लिहितेय, म्हणजे ६५ दिवस गेले. तुमचं परतीचं विमान २८ जानेवारीचं आहे.

खिशात ठेवलेला आणि कर्मचाऱ्यानं उचलून नेलेला दागिना "हॉटेलात राहिलेला" म्हणायचा की नाही, यावर वाद घालता येईल. दागिना हॉटेलच्या ताब्यात गेला, तो आम्ही मागे ठेवला नव्हता, असं म्हणून तीन वर्षांच्या कलमाकडे जाता येईल. अशिलाच्या बाजूनं मी हा वाद उद्या आनंदानं घालीन. पण ज्याच्या हातात अजून पंचवीस दिवस आहेत त्यानं या वादावर विसंबायचं कशाला? तो वाद मुदत उलटून गेलेल्यांसाठी सोडा.

आता ते ई-मेल. मुलानं अकरा पाठवले, हॉटेलकडून सात उत्तरं आली, आणि सातही उत्तरांचा अर्थ एकच: "आम्ही अजून शोधतोय." हॉटेल शोधतंय म्हणून मुदत थांबत नाही. मॅनेजर गोड बोलला म्हणूनही थांबत नाही. शिवाय अकरापैकी एकाही ई-मेलमध्ये रक्कम नाही, वस्तूंचं वर्णन नाही, आणि अमुक तारखेपर्यंत द्या, नाहीतर कोर्टात जाऊ, हे वाक्य नाही. "कृपया लक्ष घालावे" हे आपल्याकडे नगरपालिकेला लिहायचं वाक्य झालं. कुंडाजवळच्या कॅमेऱ्याचं त्या तासाचं चित्रण जपून ठेवा, एवढं तरी पहिल्या दिवशी लिहायला हवं होतं. ते आता पुसलं गेलं असण्याचीच शक्यता जास्त. तरी मागा. मागितलं होतं आणि मिळालं नाही, याचाही कोर्टात थोडा उपयोग होतो.

मुदत पाळलीत तरी किती मिळेल? इथे तुमची निराशा करणं भाग आहे. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्यातलं कलम १८५९ हॉटेलची पाहुण्यांच्या सामानाबद्दलची जबाबदारी एकूण १,००० डॉलरवर आणून ठेवतं. दागिन्यांसाठी कलम १८६० आणखी कडक आहे. हॉटेलनं अग्निरोधक तिजोरी ठेवली असेल, आणि मौल्यवान वस्तू तिच्यात न ठेवल्यास आम्ही जबाबदार नाही अशी सूचना ऑफिसात किंवा खोलीत ठळक जागी लावली असेल, तर तिजोरीबाहेरच्या दागिन्यांची जबाबदारी हॉटेलवर येत नाही. तिजोरीत ठेवले असते तरीही मर्यादा ५०० डॉलर, हॉटेलनं लेखी पावती दिली असल्यास गोष्ट वेगळी. वस्तूंच्या यादीत दागिन्यांसोबत फरचे कोटही नावानिशी घातलेत, त्यावरून या कलमाच्या वयाचा अंदाज येतो. आठ लाखांचं सोनं आणि पाचशे डॉलर! पण कायदा असाच आहे आणि तो हॉटेलवाल्यांच्या सोयीचा आहे.

म्हणून मी तुम्ही पाठवलेले फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. खोलीचे नऊ फोटो आहेत, बहुतेक पलंगाचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे. सातव्यात काकू कपाटासमोर उभ्या आहेत आणि कपाटाचं दार अर्धं उघडं आहे. मोठं करून पाहिलं तर दाराच्या आतल्या बाजूला, हँगरला लावलेल्या दोन पांढऱ्या रोबांच्या मागे, एका कागदाचा कोपरा दिसतो. इस्त्रीच्या पाटानं त्याचा खालचा भाग झाकलाय. बहुधा हीच ती सूचना. रोब काढल्याशिवाय जी वाचता येत नाही, तिला ठळक जागी लावलेली म्हणायचं का? माझ्या मते नाही. न्यायाधीशांचं मत काय होईल ते सांगता येत नाही. पण ऑफिसच्या काउंटरवर दुसरी प्रत असेल तर हा मुद्दा गेला. मुलाला आठवत असेल तर विचारा, आणि जे आठवतं तेच लिहू द्या. सोयीचं आठवू नका.

दुसरं म्हणजे खोलीतली आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी. कलमात म्हटलंय ती हॉटेलच्या ताब्यात वस्तू सोपवायची अग्निरोधक तिजोरी. कपाटातली पेटी त्यात बसते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मी विचारीन, पण त्यावर सगळी मदार ठेवणार नाही.

मदार ठेवायची तर रोबवर. कलम १८६० मध्ये एक तुकडा आहे: हॉटेलवाल्याच्या स्वतःच्या कृतीनं नुकसानीला हातभार लागला असेल, तर तेवढ्यापुरती सुटका नाही. खुंटीवरून रोब आपोआप धुलाईला गेला नाही. कुणीतरी पाहुणी पाण्यात असताना तिचा रोब उचलला, खिसा न चाचपता टोपलीत टाकला आणि नवा अडकवला. तुम्ही चार पानांत "चोरी" हा शब्द नऊ वेळा वापरलाय. खोडून टाका. चोरी तुम्ही सिद्ध करू शकणार नाही, आणि एखाद्या सफाई करणाऱ्या बाईवर नाहक आळ येईल. तुमची बाजू "रोब उचलला" यात आहे. दावा तसा मांडलात तर पाचशेची मर्यादा ओलांडता येईल का? कलमातल्या "कोणत्याही परिस्थितीत" या शब्दांचा अर्थ न्यायाधीश कसा लावतात, त्यावर ते अवलंबून आहे. आशा आहे, खात्री नाही.

नाशिकच्या आयोगाचा विचार सोडून द्या. (मंच आता आयोग झालाय.) २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या ठिकाणी तक्रार करायची मुभा दिलीय हे खरं, आणि कुणीतरी तुम्हाला तेच सांगितलेलं दिसतं. पण या हॉटेलची भारतात जप्त करायला एक खुर्चीसुद्धा नाही. आदेश मिळाला तरी तो घेऊन कॅलिफोर्नियातल्या कोर्टातच मान्यता मागायला यावं लागेल, आणि पहिला आक्षेप हाच येईल की नाशिकच्या आयोगाला आमच्यावर अधिकार कुठला. शिवाय कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलीय, आणि प्रत्यक्षात पहिली तारीख पडायलाच किती जातात हे नाशिककरांना मी सांगायला नको.

जायचं ते रिव्हरसाइड काउंटीच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात. सॅन होजेच्या कोर्टात नाही, कारण हॉटेल आणि घटना दोन्ही रिव्हरसाइडमध्ये आहेत. तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो. पाच हजारांच्या वरच्या दाव्याला फी ७५ डॉलर. वकील उभा करता येत नाही, म्हणजे यात माझी फी बुडाली. दावा हरलात तर दावेदाराला अपील नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

अर्जाचा नमुना एससी-१००. यात बहुतेक लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिलं म्हणजे दावा कुणाच्या नावानं. काका, तुमच्या नावानं नाही. मंगळसूत्र आणि पाटल्या काकूंच्या, ते त्यांचं स्त्रीधन, सही त्यांची. खोली मुलाच्या कार्डावर घेतली होती, म्हणून त्यालाही सोबत दावेदार करा. तुम्ही पत्रात सगळीकडे "माझा ऐवज" लिहिलंय ते घरात चालेल. दुसरं, दावा कुणाविरुद्ध. पाटीवर असतं ते हॉटेलचं नाव. मागे एखादी कंपनी असते. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर ती शोधता येते आणि नोटीस स्वीकारणाऱ्याचा पत्ताही तिथेच मिळतो. पाटीच्या नावावर घेतलेला निकाल वसूल करताना जीव जातो.

अर्ज करण्याआधी पैसे मागितलेले असावे लागतात, म्हणून आज रात्रीच एक पानाचं पत्र. काय गेलं, वजन किती, किंमत कशी काढली, रोब कधी उचलला गेला, आणि दहा दिवसांत रक्कम द्या. किमतीसाठी पाटल्यांची पावती नाशिकहून मागवा. नव्या असतील तर हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक पावतीवर असू शकेल. मंगळसूत्र लग्नातलं, त्याची पावती कुठून असणार? लग्नसमारंभांतले गळ्यात स्पष्ट दिसणारे फोटो आणि ओळखीच्या सराफाचं लेखी मूल्यांकन जोडा. दहा दिवस संपले की २० जानेवारीच्या सुमारास अर्ज दाखल. ३ फेब्रुवारीपर्यंत ताणू नका. नमुन्यात एखादा रकाना राहिला म्हणून कारकुनानं परत पाठवला, तर दुसऱ्यांदा भरायला वेळ हवा.

सुनावणी बहुधा तुम्ही भारतात गेल्यावर लागेल. व्हिडिओवरून हजर राहता येईल का, ते अर्जासोबतच विचारा. पुष्कळ कोर्टं परवानगी देतात, पण गृहीत धरू नका. काकूंसाठी मराठी दुभाषा हवा असल्याचंही तेव्हाच लिहा. मराठीचा दुभाषा मिळायला वेळ लागतो, आणि नाही म्हणून हिंदीचा बसवतात. मग "पाटल्या"चं काय होईल ते देव जाणे.

डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, उशीर झाला असला तरी. विम्याबद्दल फार आशा धरू नका. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात दागिने बरेचदा वगळलेले असतात आणि पोलिसांना लवकर कळवण्याची अट असते. तरी पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. मुलाच्या घराच्या विम्यातही बघा, पण पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांचं, घराबाहेर गेलेलं सामान त्यात येणं कठीण.

आणि एक. हॉटेलच्या सातव्या ई-मेलमध्ये दोन रात्री मोफत राहण्याचं कूपन आहे, आणि खाली "स्वीकारा" असं बटण. मुलानं त्याबद्दल "निदान एवढं तरी दिलं" असं लिहिलंय. बटणाच्या वरची बारीक अक्षरातली ओळ त्यानं वाचलेली नाही: कूपन स्वीकारल्यास या मुक्कामासंबंधीचे सर्व दावे मिटले असं समजलं जाईल. ते बटण अजून कुणी दाबलेलं नाही ना, हे आधी त्याला विचारा. दाबलं असेल तर बाकी काहीही करण्याआधी मला कळवा.