चकली अर्धीच राहिली

अरे, हल्ली मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस म्हणून हे पत्र, आणि मराठीत, कारण मेसच्या काकूंशी भांडून भांडून शिकलेली तुझी मराठी माझ्या इंग्लिशपेक्षा बरी आहे.

लक्ष्मीपूजनाला खाली सुतळी बॉम्ब फुटला आणि कोणाला काही कळायच्या आत तू माझ्या नातवाला खिडकीपासून ओढून खाली आडवा केलास, वर स्वतः पालथा पडलास, हातातल्या चकलीचा पार भुगा. पोरं हसली. तू तीनदा सॉरी म्हणालास आणि तेव्हापासून फिरकला नाहीस. काच आधी उडते हे तूच मला सांगितलेलंस ना? काबूलमधे लहानपणी जे अंगवळणी पडलं ते अंगानं केलं, त्याला काय माहीत की ही सदाशिव पेठ आहे. लाज कसली त्यात? त्यापेक्षा तयारी करू.

दिवाळी, गणपतीतले ढोल-ताशे, 15 ऑगस्ट, हे कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेव. 2021 ला इथे झेंडावंदन झालं आणि त्याच दिवशी तुमचं काबूल तालिबानच्या हातात गेलं, तू दार लावून बसतोस ते कळतं मला, पण रूममेटला एवढं तरी सांग की मोठा आवाज झाला की माझं असं होतं, बाकी हिस्टरी सांगायची गरज नाही. (फटाके रात्री 8 ते 10 असं सुप्रीम कोर्टाने 2018 मधेच सांगितलंय, आमच्या गल्लीला कोण सांगणार.) आवाज झाला की पाय फरशीला घट्ट टेकव आणि दिसेल त्याची नावं घे, तुझ्या दारी भाषेत नाही, मराठीत. पोळपाट, झारा, उंबरा. हे शब्द तुला इथेच आल्यावर मिळालेत, ते तुला इथेच आणून सोडतील.

आणि तो फोन. काबूल आपल्या तासभर मागे, तू दोनला जागा तेव्हा तिकडे एक, आई झोपलेली, आणि तू स्फोटांचे व्हिडिओ बघत बसतोस. ते बंद. हे दमात घेऊनच सांगतेय.

काउन्सेलरकडे गेलो तर व्हिसाला अडचण येईल असं डोक्यात घेऊन बसलायस ना? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, पहिल्याच दिवशी त्यांनाच विचार. ईएमडीआर म्हणून एक पद्धत असते, त्यात बोटामागे डोळे फिरवायला लावतात, घडलेलं सगळं तपशीलवार सांगावं लागत नाही. हवं तर मी बाहेर बाकावर बसते, विणकाम घेऊन.

रविवारी ये. नातू विचारतोय, तो दादा परत कुस्ती कधी खेळणार.

तुझी
खालाजान