औषधाचा डोस कंट्रोल थिअरीने ठरवता येईल का?

शरीराला 'प्लांट' (ज्यावर नियंत्रण ठेवायचं ती यंत्रणा) धरलं, रक्तातली साखर किंवा रक्तदाब हे आउटपुट आणि औषध हे इनपुट मानलं, तर नीट ट्यून केलेला पीआयडी (आत्ताची चूक, साठत गेलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग पाहून इनपुट ठरवणारा कंट्रोलर) डोस ठरवू शकणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी इन्स्ट्रुमेंटेशनमधला आहे, बरीच वर्षं कारखान्यातले लूप, म्हणजे मोजून सुधारणा करत राहणारी नियंत्रणाची चक्रं, ट्यून करण्यात गेली. उत्तर 'हो' आहे, काही ठिकाणी आजही तसंच चालतं. पण तुम्ही सगळा भर कंट्रोलरवर दिलाय आणि अडचण तिथे नसते. अडचण असते उशिराची. औषध पोटात गेल्यापासून परिणाम दिसेपर्यंत किती वेळ जातो, आणि तेवढा वेळ आपण हात आवरतो का?

हे मला घरी कळलं. वडिलांचे हृदयाचे ठोके अनियमित पडायचे, म्हणून गुठळ्या होऊ नयेत यासाठी वॉर्फरिन सुरू झालं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा होता. पहिल्या तपासणीत १.६ आला, डोस वाढवला. तीन दिवसांनी १.९, पुन्हा वाढवला. पुढच्या खेपेला ४.३! मग दोन दिवस गोळी बंद, नंतर कमी डोस, आणि आठवड्याने आकडा १.५. असे दोन महिने गेले. एका संध्याकाळी मी सगळे रिपोर्ट काढून आकडे आलेखाच्या कागदावर मांडले आणि पेन्सिल तशीच हातात राहिली. ती लाट माझ्या रोजच्या ओळखीची होती. लूप हंटिंग करत होता, म्हणजे लक्ष्याच्या वर-खाली हेलकावत होता. गेन (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं ते) जास्त, आणि डेड टाइम (परिणाम दिसू लागेपर्यंतचा उशीर) कुणी विचारातच घेतलेला नव्हता.

वॉर्फरिन यकृतात रक्त गोठवणाऱ्या काही घटकांची नवी निर्मिती अडवतं. जे घटक आधीच रक्तात फिरताहेत त्यांना ते हात लावत नाही, ते आपापल्या गतीने संपतात. त्यातल्या घटक ७ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) सुमारे ६ तास, प्रोथ्रॉम्बिन या दुसऱ्या घटकाचं सुमारे ६० तास. त्यामुळे सुरुवातीला आयएनआर वर सरकतो तो मुख्यतः घटक ७ घटल्यामुळे, पण गुठळीपासून खरं संरक्षण मिळतं ते प्रोथ्रॉम्बिन उतरल्यावर. म्हणजे सेन्सर एक गोष्ट दाखवतोय आणि आपल्याला हवीय दुसरीच. आज बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम कळायला आठवडाभर तरी लागतो, आणि आम्ही तिसऱ्या दिवशीच निकाल लावत होतो.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रोज किती गोळ्या हे विचारलंच नाही, आठवड्याची बेरीज विचारली. तीत साधारण दहा टक्के बदल केला आणि म्हणाल्या, "आता पुढच्या तपासणीपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही." लाट हळूहळू बसत गेली. गेन कमी, आणि सॅम्पलिंगचा काळ (दोन तपासण्यांमधलं अंतर) प्लांटच्या गतीला साजेसा. मला त्या बाईंबद्दल आजही फार आदर वाटतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ६ ते ८ आठवड्यांनी बघतात, त्यामागेही हेच आहे, कारण त्या औषधाचं अर्धायुष्यच सुमारे ७ दिवसांचं.

आता तुमच्या पीआयडीकडे. तो खरोखर माणसाच्या अंगावर चालतो. टाइप १ मधुमेहासाठी अमेरिकेत २०१६ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीच्या ६७०जी या इन्सुलिन पंपाला मंजुरी मिळाली, त्याच्या मुळाशी पीआयडीच आहे. पण तो नुसता पाठ्यपुस्तकातला पीआयडी नाही. त्वचेखाली दिलेलं जलद इन्सुलिन काम सुरू करायला १०-१५ मिनिटं घेतं, ऐन जोरात येतं तासा-दीड तासाने, आणि चार-पाच तास रेंगाळतं. वर सेन्सर साखर मोजतो तो पेशींमधल्या द्रवातली, रक्ताच्या काही मिनिटं मागे. जेवणानंतर साखर चढते तेव्हा पीआयडीतला इंटिग्रल भाग चूक साठवत जातो, इन्सुलिन सोडत राहतो, आणि ते सगळं एकदम लागू पडतं तेव्हा साखर कोसळते. टाकी जास्त भरली तर आपण खालचा व्हॉल्व्ह उघडतो. शरीराला तो दुसरा व्हॉल्व्ह नाही. दिलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही, पंप फार तर थांबू शकतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि वर्गात शिकवताना ती बहुतेक वेळा निसटते.

म्हणून हे पंप आधी दिलेलं पण अजून कामाला न लागलेलं इन्सुलिन हिशोबात धरतात आणि तेवढा हात आखडता घेतात. आणि जेवणाआधी माणसाने किती कर्बोदकं खाणार ते पंपाला सांगायचं असतं. म्हणजे सरळ फीडफॉरवर्ड, परिणाम दिसायची वाट न बघता आधीच दिलेली सूचना. ६७०जीला 'हायब्रिड' म्हणतात ते यासाठी. काही पंपांमध्ये एमपीसी (मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल) असतो, तो पुढच्या काही तासांचा अंदाज बांधून डोस ठरवतो. सेन्सरचंही एक लक्षात ठेवा: झोपेत माणूस सेन्सर लावलेल्या कुशीवर वळला की दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो. कंट्रोलरला यातलं काही कळत नाही.

भूल देताना मात्र फीडबॅक सोपा पडतो. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध मिनिट-दोन मिनिटांत लागू पडतं, आणि मेंदूच्या लहरींवरून काढलेला, भूल किती खोल आहे ते सांगणारा बीआयएस आकडा ४० ते ६० मध्ये ठेवायचा असतो. ईईजीवर (मेंदूच्या लहरींच्या नोंदीवर) चालणारी भूल अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये बिकफोर्ड या संशोधकांनी १९५० च्या सुमारासच करून पाहिली होती. तिथे त्रास सिग्नलचा. सर्जनने कॉटरी (विजेने कापणारं, रक्तस्राव थांबवणारं उपकरण) चालवली की ईईजीत नुसता गोंगाट, आणि त्या क्षणी लूप कशावर विसंबणार? भूलतज्ज्ञ तिथे हजर असतो तो यासाठीही.

तुम्ही विद्यार्थी आहात, तर एक करून बघा. कुठल्याही सिम्युलेशनमध्ये साधा फर्स्ट ऑर्डर प्लांट (इनपुट बदललं की हळूहळू नव्या पातळीला पोचणारा) घ्या, त्याला ६० मिनिटांचा डेड टाइम द्या, इनपुट शून्याखाली जाणार नाही अशी अट घाला, आणि प्लांटचा गेन प्रत्येक 'पेशंट'साठी दुप्पट-निमपट बदलत राहा, कारण माणसामाणसात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद तेवढा सहज बदलतो. एका पेशंटवर सुंदर ट्यून केलेला पीआयडी पुढच्याला किती खाली नेतो ते मोजा. मग इंटिग्रल कमी करा, दिलेल्या डोसचा हिशोब जोडा, पुन्हा चालवा. आणि कृपा करून घरातल्या कुणाच्या खऱ्या गोळ्यांवर हा प्रयोग करू नका. माझ्याही हातात आलेखाचा कागद होता, पण डोस बदलला तो डॉक्टरांनीच.