सुरंगीचा वास आणि भर बाजारात रडू

प्रश्न : आईला जाऊन चार वर्षं झाली. परवा बाजारात कुठूनसा सुरंगीच्या फुलांचा वास आला आणि छाती धडधडून रडूच कोसळलं. हे विचित्र आहे का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : छे हो, ताई! डोळ्यांचे, कानांचे निरोप आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावर थांबतात. वासाचा मात्र तिथे न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत पोचतो. म्हणून वास कशाचा ते कळायच्या आत छाती धडधडते. मला अजून स्पिरिटच्या वासाने तळहाताला घाम फुटतो, लहानपणची इंजेक्शनं! (आणि मी डॉक्टर, बोला आता.) रोजच्या उदबत्तीला नाक सरावतं, सुरंगी मात्र वर्षातून थोडेच दिवस भेटते. गजरा घ्या, उशाशी ठेवा. झोप-जेवण तुटलं, तरच दवाखान्यात या.