अमेरिकन रेडिओ निवेदक आर्ट बेल यांचा मध्यरात्रीचा कार्यक्रम 'कोस्ट टू कोस्ट एएम' एवढा का गाजला?

माझ्या मते खरं कारण म्हणजे फोन. इतर टॉक शोमध्ये आधी कोणीतरी फोन करणाऱ्याला पारखून घेतो, मगच पुढे सोडतो. या कार्यक्रमात मात्र बेल खुल्या लाइनवरचे फोन न चाळता थेट घ्यायचे. पलीकडे कोण आहे, त्यांनाही ठाऊक नसे. आणि ते ऐकून घ्यायचे, टिंगल न करता. हे फार दुर्मीळ आहे हो.

११ सप्टेंबर १९९७ ची रात्र जरूर ऐका. एरिया ५१, म्हणजे नेवाडातला अमेरिकेचा गुप्त हवाई तळ, त्याच्या कर्मचाऱ्यांसाठी खास लाइन ठेवलेली. एक माणूस रडवेल्या, थरथरत्या आवाजात सांगू लागतो: मी तिथे कामाला होतो, ते माझा माग काढताहेत, वेळ फार थोडा आहे. आणि मध्येच प्रक्षेपण बंद! उपग्रहाशी संपर्क तुटला होता. पुढे एकाने ते नाटक असल्याचं कबूल केलं, तरी तो आवाज ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

दुसरं कारण एएम लहरींचं, म्हणजे मीडियम वेव्हवरच्या रेडिओलहरींचं. दिवसा या लहरी शोषून घेणारा आयनांबराचा (वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा) खालचा थर रात्री विरतो, मग लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आपल्याकडे मीडियम वेव्हवर रात्री आकाशवाणीची लांबची केंद्रं खरखरत लागायची, ती यामुळेच. नेवाडाच्या वाळवंटातल्या पाहरम्पहून बोलणारा हा माणूस एकट्याने रात्रभर ट्रक हाकणाऱ्याच्या केबिनमध्ये शेजारी बसल्यासारखा वाटायचा.