'आनुवंशिक' की 'जनुकीय'?

प्रश्न असा आहे: 'स्किझोफ्रेनियामध्ये मेंदूतल्या रसायनांवर आनुवंशिक प्रभाव असतो' या वाक्यात 'आनुवंशिक'ऐवजी 'जनुकीय' म्हटलं तर चालेल का? दोन्ही शब्द एकच ना?

नुसतं चालेल असं नाही, इथे 'जनुकीय'च हवा. 'आनुवंशिक' म्हणजे वंशातून चालत आलेलं, आईवडिलांकडून मुलात उतरलेलं. 'जनुकीय' म्हणजे जनुकांशी संबंधित. तो बदल आईवडिलांमध्ये असो वा नसो. बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात, म्हणून शब्दांची सरमिसळ होते.

फरक दाखवणारं नेमकं उदाहरण याच आजारात सापडतं. काही जणांच्या २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. अशा व्यक्तींपैकी साधारण एक चतुर्थांश जणांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्यासारखा आजार होतो. मात्र दहापैकी सुमारे नऊ जणांच्या बाबतीत हा तुकडा आईवडिलांमध्ये शाबूत असतो. गळती त्या मुलापासूनच सुरू झालेली असते. म्हणजे हा बदल शंभर टक्के जनुकीय, पण वारशाने आलेला नाही. याच तुकड्यात 'सीओएमटी' हे जनुक असतं आणि त्यापासून बनणारं विकर (एन्झाइम) मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं विघटन करतं. (एवढ्यावरून सगळं खापर त्या एकाच जनुकावर फोडता येत नाही, तुकड्यात इतर कितीतरी जनुकं असतात.)

तुमच्या वाक्यातला 'रसायनांवर प्रभाव' कुठे दिसतो, तेही सांगतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी निगडित १०८ जनुकीय स्थानं, म्हणजे गुणसूत्रांवरच्या जागा, सापडली. त्यांतलं एक 'डीआरडी२' या जनुकापाशी आहे. डोपामिन पेशींवरच्या ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतं, त्यांतला एक प्रकार या जनुकापासून तयार होतो आणि या आजारावरची बहुतेक औषधं त्याच ग्राहीवर काम करतात. ग्लूटामेट या मेंदूतल्या आणखी एका रसायनाशी संबंधित जनुकंही त्या यादीत आहेत. २०२२पर्यंत स्थानांची संख्या २८७ झाली. एकेकट्या स्थानाचा वाटा अगदी किरकोळ असतो, म्हणून 'स्किझोफ्रेनियाचं जनुक' असं एकवचनात लिहू नये.

आता 'आनुवंशिकता' या नामाबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. 'स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के' हे वाक्य वाचून माणूस हादरतो. शंभरातल्या ऐंशी मुलांना आजार होणार, असाच अर्थ मराठी वाचक लावणार, आणि त्यात त्याची चूक नाही. संख्याशास्त्रात त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे: एखाद्या लोकसमूहात या आजाराची शक्यता माणसागणिक कमीजास्त असते, त्या फरकाचा किती भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. प्रत्यक्षात आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असला, तरी शंभरातल्या जवळपास नव्वद मुलांना तो होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला झाला, तर दुसऱ्याला होण्याची शक्यताही निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच. तेव्हा ८० हा आकडा लिहायचाच असेल, तर त्याचा अर्थ त्याच परिच्छेदात उलगडून सांगा.

मी याबाबत आग्रही आहे, कारण 'आनुवंशिक' शब्द कानावर पडला की घरात लगेच 'कोणाच्या बाजूने आलं?' हा शोध सुरू होतो आणि आजारी माणसाच्या आईला किंवा वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. शब्द नीट निवडला तर एवढा त्रास तरी टळतो.

वाक्य मी असं लिहीन: 'स्किझोफ्रेनियामध्ये मेंदूतल्या रसायनांच्या कामावर अनेक जनुकांचा थोडाथोडा प्रभाव पडतो.' 'जनुकीय प्रभाव'पेक्षा 'जनुकांचा प्रभाव' मराठीत अधिक सहज वाटतो.

आणि 'अनुवांशिक' हे रूप चुकीचं आहे. 'अनुवंश'ला 'इक' लागताना पहिल्या अक्षराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ' होतो; मधल्या 'वं'ची नाही. म्हणून 'आनुवंशिक'.