गर्भाशयाची पिशवी काढली की अंग बाहेर येणं थांबतंच असं नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की आई ६४ वर्षांच्या आहेत, अंग तिसऱ्या डिग्रीपर्यंत, म्हणजे पिशवीचं तोंड योनीच्या बाहेर येण्याइतकं, उतरलंय. एक डॉक्टर म्हणतात खालून, म्हणजे योनीमार्गातून, पिशवी काढू, दुसरे म्हणतात दुर्बिणीने जाळी लावू. मी स्त्रीरोग विभागात थिएटरची सिस्टर होते, डॉक्टर नाही. त्यामुळे कोणाचं ऐका हे सांगणार नाही, काय विचारा ते सांगते.

दोष पिशवीचा नसतो. तिला धरून ठेवणारे बंध सैल पडलेले असतात. नुसती पिशवी काढून टाके घातले, तर काही वर्षांनी योनीचा माथाच खाली उतरू शकतो. म्हणून पहिला प्रश्न हा: पिशवी काढल्यावर माथा कशाला बांधणार? युटेरोसॅक्रल किंवा सॅक्रोस्पायनस लिगामेंट (हे ओटीपोटातले दोन मजबूत बंध), असं नेमकं उत्तर यायला हवं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी या दोन्हींचे निकाल सारखेच होते. त्रास मात्र वेगळे. सॅक्रोस्पायनसनंतर काही बायकांचा एका बाजूचा कुल्ला बरेच दिवस दुखतो. युटेरोसॅक्रलच्या टाक्याने मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, ओढली जाऊ शकते. म्हणून शेवटी मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्ही बाजूंनी लघवीची पिचकारी येते का ते बघतात. एका बाजूची येईना की टाका सोडून पुन्हा घालायचा.

जाळीचं नाव ऐकून घाबरू नका, पण कोणती ते विचारा. अंग बाहेर येण्यासाठी योनीतून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली. तुमचे दुसरे डॉक्टर बहुधा सॅक्रोकोल्पोपेक्सी म्हणत असणार. त्यात पोटातून माथा सॅक्रमला, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाकडच्या हाडाला, जाळीने टांगतात, आणि त्यावर ती बंदी नाही. टिकते चांगली. पण भूल लांबते, डोकं खाली करून बराच वेळ ठेवतात, खर्चही जास्त. आईंना दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मी तरी खालच्या ऑपरेशनकडे झुकेन.

पिशवी ठेवायचीच असेल तर मँचेस्टर ऑपरेशनही विचारा; त्यात पिशवीच्या तोंडाचा भाग कापून बंध आखूड करून बांधतात. जुनं म्हणून हल्ली कोणी नाव काढत नाही, पण नेदरलँड्समधल्या २०२३ च्या चाचणीत दोन वर्षांनी त्याला सुमारे ८७ टक्के यश होतं, पिशवी ठेवून केलेल्या सॅक्रोस्पायनसला ७७. अर्थात पिशवी ठेवण्याआधी पॅप (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) आणि सोनोग्राफी हवीच. मूल हवं असलेल्या तरुण मुलींसाठी मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांची पट्टीची ऑपरेशनं आहेत. आईंचा तो विषय नाही. फार वय झालेल्या आणि संबंध नको असलेल्या बाईला योनीमार्ग बंद करण्याचं छोटं ऑपरेशनही चालतं.

आणखी एक. अंग वर बसवून आईंना खोकायला लावलं का, ते विचारा. उतरलेल्या अंगामुळे मूत्रमार्ग मुरडलेला असतो. तो सरळ झाला की आजवर न गळणारी लघवी ऑपरेशननंतर गळू लागते. आधी कळलं तर त्याचा टाका किंवा पट्टी त्याच वेळी घालायची की नाही, हे ठरवता येतं.